उत्तर: 'ग्लास' म्हणजे नक्की कुठला रंग?

वर कुणीतरी लिहिलंय की केल्टिक भाषांत (वेल्श, आयरिश, स्कॉटिश गेलिक वगैरे) 'ग्लास' म्हणजे हिरवा, आणि स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचं नाव त्यावरूनच आलं. ग्लासगोचं पटतं, हिरवी घळ असाच अर्थ सहसा देतात. पण सरसकट हिरवा म्हणाल तर वेल्शमध्ये फसाल, तिथे आज ग्लास म्हणजे सरळ निळा, आयरिशमध्ये गवता-पानांचा हिरवा आणि शिवाय करडा, मेंढीला किंवा घोड्याला 'ग्लास' म्हटलं की ती करडीच, आणि स्कॉटिश गेलिकमध्ये तर मुख्यतः करडाच. गंमत म्हणजे वेल्शमध्ये गवताला अजून 'ग्लासवेल्ट' म्हणतात, म्हणजे जुना हिरवा तिथे अडकून राहिलाय, आणि हिरव्यासाठी आता जो 'ग्विर्ध' शब्द आहे तो लॅटिनकडून उसना घेतलेला. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की ब्रिटनमधल्या बायका ज्या झाडाचा रंग अंगाला फासायच्या, त्याला गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) 'ग्लास्टुम' म्हणत, ते बहुधा निळा रंग देणारं वोडच. आणि हो, 'ग्लास' शब्दाचा मूळ धातू बहुतेक जण तोच मानतात ज्यातून संस्कृत हरि, हरित आले, म्हणजे आपला हिरवा लांबचा भाऊबंदच, आणि तिकडे 'हरि'सुद्धा पिवळा की हिरवा यावर एकमत कुठंय!