भिशीचा नंबर चिठ्ठीनं काढायचा की गरज बघून?

वहीवाली (सांगली)

आमच्या इमारतीत २० जणींची भिशी आहे. महिन्याला २,००० रुपये, म्हणजे दर ५ तारखेला एकीच्या हातात ४०,०००. वही गेली नऊ वर्षं माझ्याकडे. पेढ्यांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, ज्या घरी बसलोय तिथल्या पोराला एक उचलायला लावायची, मग पोहे-चहा. कमिशन नाही, बोली नाही. चिठ्ठी म्हणजे देवाचा कौल, असंच आम्ही धरून चाललो होतो.

यंदा फेब्रुवारीत चिठ्ठी निघाली तिनं पैसे सरळ मुदत ठेवीत टाकले. तिचं काही चुकलं नाही, नंबर तिचा होता. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एकीच्या मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाली. ती आम्हाला काही बोलली नाही. मार्चमध्ये भिशीला आली तेव्हा पोह्यांची बशी देताना माझं लक्ष गेलं, हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. पाटल्या गहाण पडल्या होत्या. माझ्यासमोर बसून तिनं २,००० मोजून दिले आणि मी वहीत टिक केली. तेव्हापासून मला चैन नाही.

आम्हाला हे जमत नाही असंही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या तिघींचं घर छतापर्यंत बुडालं. तिघींचेही नंबर यायचे होते. आम्ही तीन महिने डबा बाहेरच काढला नाही, ओळीनं तिघींना पैसे दिले. कुणी विचारलंसुद्धा नाही की असं का. पूर सगळ्यांना दिसला होता, हे खरं. आजारपण दिसत नाही, फी दिसत नाही.

तर विचारायचंय ते असं. गरज बघून नंबर द्यायचा ठरवला, तर बाईला सगळ्यांपुढे तोंड उघडायला न लावता ते कसं करायचं? आणि ठरवायचं कुणी? मला एकटीला हा अधिकार नको आहे. कुणी असं करत असेल तर सांगा.

निवृत्त बँकवाला (कोल्हापूर)

ताई, पहिली गोष्ट, कुणी बोलीची भिशी सुचवेल, तिकडे जाऊ नका. ४०,००० च्या भिशीत अडलेली बाई ५,००० सोडून बोली लावते, ३५,००० घेऊन जाते आणि हप्ते मात्र पूर्ण ४०,००० चे भरते. ते ५,००० बाकीच्यांत वाटले जातात, माणशी २५०. जी जास्त अडलेली तिनं जास्त सोडायचं, आणि तिच्या अडचणीवर शेजारणींना फायदा व्हायचा. मी हे जवळून पाहिलंय.

माझा सल्ला: भिशी आहे तशी ठेवा आणि शेजारी बचत गट सुरू करा. माणशी २०० धरले तरी महिन्याला ४,००० आणि वर्षात ४८,००० जमतात. नाबार्डनं १९९२ मध्ये देशभरात ५०० गटांपासून बँकजोडणी सुरू केली तेव्हापासूनची ही पद्धत आहे. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. अंतर्गत कर्जाला बरेच गट महिना दोन टक्के लावतात, ऐकायला जड वाटतं, पण ते व्याज गटातच राहतं. बँकेत गटाच्या नावानं खातं काढा, सह्या दोघींच्या ठेवा. आणि भिशीची रक्कम फार वाढवू नका. चिट फंडाचा १९८२ चा कायदा आहे, वाढवायची झाली तर आधी वकिलाला दाखवा.

वहीवाली

दादा, बचत गटाचं पटलं, पण गटात कर्ज मागायला अर्ज आला, कारण आलं. जिनं पाटल्या गहाण ठेवल्या पण आम्हाला सांगितलं नाही, ती अर्ज करेल का?

बांधावरची (शिराळा)

नाही करणार. मी गावाकडची, सावडीत वाढले, म्हणून सांगते. आज माझ्या रानात दहा बाया भांगलायला आल्या, तर मी दहा दिवस देणं लागते. पैशाचं नाव नाही, दिवसाला दिवस. आणि क्रम? ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला, त्याचं रान आधी. घरमालकिणीला सांगावं लागत नाही, बाया आपसात ठरवतात, "उद्या तिच्याकडं जाऊ." तिलाही ओझं होत नाही, कारण ती सावड फेडणार असते. आमच्या सासूबाई आजारी होत्या त्या साली माझी ज्वारी सगळ्यात आधी काढून झाली, आणि पुढच्या साली मी ते दिवस एकेक करून फेडले.

तुमच्या भिशीतही तसंच आहे की. ती बाई २० हप्ते भरणारच आहे. तुम्ही तिला काही देत नाही, तिचेच पैसे आधी देता. म्हणून "मदत" हा शब्दच वहीत येऊ देऊ नका. "नंबर आधी घेतला" एवढंच लिहा. आणि कारण विचारायचं नाही, हा नियमच करा. कारण विचारलं की तिथं कोर्ट बसतं.

एकदा पोळलेली

सगळं खरं, पण माझी भिशी अशीच मोडली. दोघींनी आधी नंबर घेतले, त्यातली एक घर बदलून गेली, फोन बंद. १२,००० मी घरखर्चातून भरले, कारण बाकीच्यांना तोंड दाखवायचं होतं. आधी नंबर हवा असेल तर भिशीतल्याच दोघी जामीन हव्यात. आणि भाड्यानं राहणाऱ्यांनाच जामीन मागू नका, सगळ्यांना मागा. नाहीतर त्यांना ते लागतं.

ओसाकाकर

मी जपानात राहते, इथली एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९७३ मध्ये ओसाकात तेरुको मिझुशिमा नावाच्या बाईंनी गृहिणींची श्रमबँक काढली. पैसे नाहीत, तास जमा करायचे. तुझ्या बाळंतपणात मी चार तास आले, ते माझ्या नावावर, मला लागतील तेव्हा मी घेईन. शिराळ्याच्या ताईंची सावड वाचली आणि हेच आठवलं. तुमच्या वहीत मागच्या पानावर तासांचा एक रकाना आखता आला तर? दवाखान्यात रात्री कुणी बसायचं, हा प्रश्न ४०,००० नी सुटत नाही.

वहीवाली

सगळ्यांचे आभार. रविवारी गच्चीवर बसलो. मी त्या बाईचा विषयच काढला नाही, फक्त २०१९ ची वही घेऊन गेले आणि ती तीन पानं उघडून ठेवली.

ठरलं ते असं: दर चौथा महिना राखीव, म्हणजे एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, मग पुन्हा एप्रिल. जिला हवा तिनं २५ तारखेपर्यंत मला फोन करायचा, कारण सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. जामीन भिशीतल्याच दोघी, सगळ्यांना सारखा नियम. कुणाचा फोन आला नाही तर नेहमीसारखी चिठ्ठी. बचत गटाला सध्या अकरा जणी तयार आहेत, १०० रुपयांपासून. तासांच्या रकान्याला सगळ्यांत जास्त हात वर आले, मला वाटलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तिथल्या तिथं "दवाखान्यातली रात्र, दोन वेळा" असं स्वतःच्या हातानं लिहिलं.

काल रात्री साडेनऊला एप्रिलसाठी फोन आला. जामीन कोण, तेही तिनंच सांगितलं, आणि त्यातली एक फेब्रुवारीत पैसे ठेवीत टाकणारी आहे.

एकच गोष्ट अडलीय. एका राखीव महिन्यात दोघींचे फोन आले तर? निम्म्या म्हणतात त्या दोघींत चिठ्ठी टाका. निम्म्या म्हणतात या महिन्यात वीस-वीस हजार द्या आणि उरलेले पुढच्या महिन्यात, पण मग पुढच्या महिन्याची चिठ्ठी थांबवायची. शिराळ्याच्या ताई, सावडीत दोन घरी एकदम माणूस पडलं तर तुम्ही काय करता?