प्रोजेक्टर दुरून चालवताना : बेळगाव सीमाभागातील अनुभव

निमंत्रण : टिळकवाडी, बेळगाव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील शाळा, महाविद्यालये आणि सभागृहे यांतून छताला टांगलेले प्रोजेक्टर आता सर्रास दिसतात. त्यांवर चित्र कसे आणायचे हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु यंत्र चालू-बंद करणे, सोर्स (म्हणजे चित्र कोणत्या जोडणीवरून घ्यायचे ते) बदलणे, दिव्याचे तास पाहणे ही कामे अजूनही रिमोट शोधत किंवा शिडी लावत केली जातात. माझे ठाम मत असे आहे की, चित्र जाण्याची वाट आणि कमांड जाण्याची वाट या दोन स्वतंत्र वाटा आहेत, आणि प्रोजेक्टर बसवतानाच दोन्हींची तरतूद केली तर पुढची निम्मी दगदग वाचते. एचडीएमआय केबल चित्र व आवाज नेते. संगणकावरून भरवशाने हुकमत चालवायची तर नेटवर्कची किंवा सीरियल पोर्टची (संगणक आणि यंत्र थेट जोडणाऱ्या जुन्या धाटणीच्या सॉकेटची) तार वेगळी ओढावी लागते. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे. केबलची लांबी, मेनूतील सेटिंग, कुठे अडले आणि कसे सुटले, हे आवर्जून सांगावे.

माध्यमिक शिक्षिका, खानापूर तालुका

आमच्या सभागृहाचे छत उंच आहे आणि प्रोजेक्टर मधोमध टांगलेला आहे. रिमोटचा किरण नेमका यंत्राच्या डोळ्यावर पडावा लागतो, आणि मुले बसलेली असताना रांगांमधून पुढे जाऊन हात उंचावणे गैरसोयीचे होते. प्रोजेक्टरच्या मागे लॅनचे, म्हणजे नेटवर्कच्या तारेचे, सॉकेट रिकामे आहे हे आमच्या प्रयोगशाळा साहाय्यकांच्या लक्षात आले, तेव्हा कार्यालयातील नेटवर्क स्विचपासून (नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीपासून) सभागृहापर्यंत नेटवर्कची तार ओढून घेतली. ही तार शंभर मीटरच्या आत असली की पुरते, आणि आमचे अंतर त्याहून कितीतरी कमी होते. प्रोजेक्टरच्या मेनूत त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील क्रमांक, दिसला, तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला आणि यंत्राचे स्वतःचे पान उघडले. पॉवर, सोर्स, चित्र झाकणे, आवाज हे सारे त्या पानावर होते.

पहिली अडचण अशी आली की, प्रोजेक्टर संगणकावरून बंद होई, पण पुन्हा सुरू होत नसे. एकदा बंद केला की ते पानसुद्धा उघडत नसे. याचे कारण मेनूतील स्टँडबाय मोड. वीज वाचावी म्हणून अनेक प्रोजेक्टर बंद असताना आपला नेटवर्कचा भागही झोपवून ठेवतात. ते सेटिंग बदलून स्टँडबायमध्येही नेटवर्क चालू ठेवावे लागते. निरनिराळ्या कंपन्यांच्या मेनूत त्याचे नाव वेगळे असते. तसे केल्यावर यंत्र बंद असतानाही थोडी वीज घेते, हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवावे.

दुसरी अडचण आमच्याकडच्या पावसाची. आषाढात वीज वारंवार जाते, ती परत आली की राउटर सर्वांना नव्याने पत्ते वाटतो, आणि काल ज्या पत्त्यावर प्रोजेक्टर होता तिथे आज कार्यालयातील प्रिंटर बसलेला असतो. राउटरच्या मेनूत प्रोजेक्टरच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी) एक आयपी कायमचा राखून ठेवला, आणि तो पत्ता ठळक अक्षरांत लिहून भिंतीवरील स्विचबोर्डाशेजारी चिकटवला. तेव्हापासून शोधाशोध थांबली.

सभागृहाची व्यवस्था पाहणारे, निपाणी

मॅडमनी लिहिले ते नव्या यंत्रांना लागू आहे. आमचा प्रोजेक्टर जुना, त्याला लॅन नाही. परंतु मागे नऊ पिनांचे सीरियल पोर्ट आहे, आणि माझ्या मते आजही तेच सर्वांत भरवशाचे. त्याला ना आयपी लागतो, ना राउटर. संगणकाला असे पोर्ट आता नसते, म्हणून यूएसबी ते सीरियल कन्व्हर्टर घ्यावा. तो घेताना आतील चिप कोणती आहे हे विचारावे, कारण स्वस्तातल्या नकली चिपांना विंडोजचा ड्रायव्हर पुष्कळदा स्वीकारत नाही.

खरी मेख तारेत आहे. पाठवण्याची आणि घेण्याची पिन, म्हणजे दोन आणि तीन, बऱ्याच प्रोजेक्टरांना उलटसुलट जोडलेली लागते आणि पाच क्रमांकाची, म्हणजे ग्राउंडची, सरळ. बाजारातील तयार केबल सरळ असेल तर संगणक बोलत राहतो आणि प्रोजेक्टरला काही ऐकूच येत नाही. आमच्याकडे रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी दोन्ही टोकांचे कनेक्टर उघडले, तीनच तारा ठेवल्या, डाख देताना प्रत्येक सांध्यावर बारीक नळी चढवली आणि मल्टिमीटरची बीप ऐकूनच झाकण बसवले. आमच्याकडे ती केबल आजही तशीच चालू आहे. सीरियलची तार पंधरा मीटरच्या आसपास ठेवावी. त्याहून लांब नेली तर अक्षरे गहाळ होऊ लागतात.

संगणकावर जोडणीचे सेटिंग करताना वेग बहुतेक यंत्रांत ९६०० (सेकंदाला इतके बिट), आठ बिट, पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट असा असतो. तरी मॅन्युअलचे शेवटचे प्रकरण पाहावे, कारण काहींत तो १९२०० किंवा ११५२०० ठेवलेला असतो. पुष्कळ यंत्रांत कमांडनंतर एंटरचे चिन्ह गेलेच पाहिजे, नाहीतर यंत्र वाट पाहत बसते.

प्राध्यापक, चिकोडी

माझा अनुभव चित्राच्या बाजूचा आहे आणि थोडक्यात आहे. विंडोज आणि पी या दोन कळा एकत्र दाबल्या की चार पर्याय येतात. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र घेतले तर लॅपटॉपही प्रोजेक्टरच्या कमी रेझोल्यूशनला उतरतो आणि तक्त्यातील अक्षरे धूसर होतात. मी पडदा वाढवण्याचा पर्याय घेतो, त्यामुळे टिपणे माझ्याकडे राहतात आणि विद्यार्थ्यांना फक्त स्लाइड दिसते. चित्र मुळीच येत नसेल तर आधी प्रोजेक्टर सुरू करून, सोर्स निवडून, मग लॅपटॉप जोडावा. यंत्र आपली क्षमता केबलवरूनच कळवत असते आणि ती माहिती जोडणीच्या क्षणी वाचली जाते.

साहित्य संमेलनाचा कार्यकर्ता, कडोली परिसर

आमच्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावची मराठी संमेलने भरतात. मंडपात लॅपटॉप व्यासपीठाजवळ असतो आणि प्रोजेक्टर श्रोत्यांच्या मध्यभागी. इतकी लांब साधी एचडीएमआय केबल टिकाव धरत नाही. दहा-पंधरा मीटरनंतर चित्र लुकलुकू लागते. आम्ही कॅट-६, म्हणजे नेटवर्कच्या, तारेवरून चित्र नेणारी एक्स्टेंडरची जोडी भाड्याने घेतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. काही प्रोजेक्टरांवर एचडीबेसटीचे (अशाच तारेवरून चित्र घेणाऱ्या पद्धतीचे) सॉकेट असते आणि ते दिसायला हुबेहूब लॅनसारखे असते. एक्स्टेंडरची तार लॅनच्या स्विचमध्ये घुसवू नये. त्यातून चित्र मिळत नाही, उलट स्विचला धोका असतो.

वायरलेसने काम भागेल असे अनेकजण सुचवतात. स्लाइडसाठी ते चालतेही. पण माहितीपट दाखवायचा असेल तर आवाज आणि ओठ यांचा मेळ बसत नाही, आणि मंडपात शेकडो मोबाइल असताना वायफाय दम तोडतो. शिवाय पाहुण्यांसाठीच्या वायफायवर यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशी योजना असते, त्यामुळे लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोन्ही जोडलेले असूनही भेट होत नाही. कार्यक्रमासाठी स्वतःचा छोटा राउटर न्यावा, हे मी आग्रहाने सांगतो.

सॉफ्टवेअर अभियंता, शहापूर, बेळगाव

एका संस्थेतील अनेक वर्गांचे प्रोजेक्टर एका संगणकावरून चालवण्याचे काम मी केले. तिथे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे होती, म्हणून पीजेलिंक वापरले. जपानमधील कार्यालयीन यंत्रे बनवणाऱ्या उद्योगांच्या संघटनेने ठरवलेली ही सामाईक भाषा असून ती टीसीपीच्या (नेटवर्कवरील जोडणीच्या नेहमीच्या पद्धतीच्या) ४३५२ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वीस-पंचवीस ओळींत काम होते, त्यासाठी महागड्या पॅकेजची गरज नाही.

पॉवरची स्थिती विचारली की उत्तर एका अंकात येते : ० म्हणजे स्टँडबाय, १ चालू, २ थंड होत आहे, ३ तापत आहे. हे चार अंक नीट हाताळले की प्रोग्रॅम भरवशाचा होतो. प्रोजेक्टर थंड होत असताना सुरू करण्याची कमांड दिली तर यंत्र तिसऱ्या क्रमांकाची चूक कळवते, म्हणजे ही वेळ योग्य नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा धडका न मारता काही सेकंद थांबून स्थिती विचारावी. तीस सेकंद काही पाठवले नाही तर जोडणी आपोआप तुटते, म्हणून दर वेळी नवी जोडणी करणे सोपे.

दिव्याचे तासही याच वाटेने मिळतात. दोषांची विचारणा केली की सहा अंक येतात : पंखा, दिवा, तापमान, झाकण, फिल्टर आणि इतर, या क्रमाने. ० म्हणजे ठीक, १ इशारा, २ बिघाड. रस्त्यालगतच्या वर्गांत उन्हाळाभर धूळ येते. तिथे पाचवा अंक १ झाला की शिपायांना फिल्टर झाडायला सांगता येते, आणि यंत्र तापून मधेच बंद पडण्याची वेळ येत नाही. नुसत्या चालू-बंदपेक्षा मला या सोयीचे मोल अधिक वाटते.

पासवर्ड मात्र ठेवावाच. तो ठेवला की प्रोजेक्टर दर जोडणीला एक यादृच्छिक आकडा देतो, आणि पासवर्ड उघडा न जाता त्या आकड्यासह त्याचा एमडी-५ सारांश (गणिताने काढलेला ठसा) पाठवावा लागतो. हे फार भक्कम कुलूप नव्हे, म्हणून प्रोजेक्टर विद्यार्थ्यांच्या वायफायपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवावेत.

शिक्षिका, खानापूर (पुन्हा)

सर, वीज जाऊन आल्यावर आमचा प्रोजेक्टर स्टँडबायमध्ये पडून राहतो. तो आपोआप सुरू व्हावा असे काही करता येते का?

सॉफ्टवेअर अभियंता, शहापूर

येते, मॅडम. अनेक यंत्रांच्या मेनूत वीज येताच थेट सुरू होण्याचे सेटिंग असते. पण आपल्याकडे रात्री वीज ये-जा करते, तेव्हा रिकाम्या सभागृहात दिवा जळत राहील. त्याऐवजी कार्यालयातील संगणकावर ठरलेल्या वेळी स्थिती विचारणारा छोटा प्रोग्रॅम ठेवावा आणि शाळा सुटल्यावर जो प्रोजेक्टर १ सांगेल त्याला बंद करण्याची कमांड द्यावी. आपला दिव्याचा प्रोजेक्टर असल्यास त्याला लहानसा यूपीएस जोडावा, म्हणजे वीज गेली तरी पंखा दिवा थंड होईपर्यंत फिरत राहतो. लेझरच्या यंत्रांना ही निकड तितकी नसते. आपल्या यंत्राचे मॉडेल कळवावे. त्याचे मॅन्युअल पाहून मेनूतील नेमके नाव लिहितो.