मदत हवी आहे: एमजीबी रोडस्टरचे सिल घरी बदलताना दाराची फट कशी राखावी?

मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. माझ्याकडे १९७० सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे छप्पर नसलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे आणि तिचे दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या) घरच्या गॅरेजमध्ये बदलण्याचा माझा विचार आहे. इंजिन आणि विजेच्या जोडणीबद्दल सध्या काही विचारायचे नाही. १७९८ सीसीचे इंजिन समाधानकारक चालते आणि तेलाचा दाबही चांगला आहे. प्रश्न पत्र्याचा आहे, आणि त्यातही पत्रा कापायला घेण्यापूर्वी गाडीला आधार कोठे व कसा द्यावा, एवढ्यापुरताच तो आहे.

या गाडीची ओळख नसलेल्यांसाठी थोडा खुलासा करतो. एमजीबीच्या आधीच्या एमजीए या मॉडेलला स्वतंत्र चॅसिस होती. बॉडीचा पत्रा गंजला तरी खालचा सांगाडा भार पेलत राही. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीत ही चॅसिस गेली आणि बॉडीच सांगाडा झाली. दाराखालून पुढच्या चाकामागपासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची बंद पेटी, म्हणजे सिल, ही तिच्या मजबुतीचा मुख्य आधार आहे. या पेटीत आतला पत्रा, मधला उभा पडदा आणि बाहेरचा पत्रा असे तीन थर असतात. शिवाय गाडीच्या तळाच्या, म्हणजे जमिनीच्या, पत्र्याखाली आतल्या सिलला जोडून जाणारी पन्हळीसारखी पट्टी असते, जिला येथील लोक कॅसल रेल म्हणतात. १९६५ मध्ये आलेल्या जीटी मॉडेलला छप्पर असल्यामुळे वरूनही थोडा आधार मिळतो. रोडस्टरला तो नाही, त्यामुळे सिल कापला की पुढचा आणि मागचा भाग एकमेकांशी गिअरबॉक्सच्या बोगद्याने आणि जमिनीच्या पातळ पत्र्याने तेवढे जोडलेले राहतात.

माझ्या गाडीचे सिल बाहेरून अगदी नीटनेटके दिसतात, आणि संशयाची सुरुवात तेथूनच झाली. खालच्या कडेने तपासल्यावर लक्षात आले की पूर्वीच्या कोणा मालकाने गंजलेला सिल न काढता त्याच्यावरच नवा पत्रा चढवून वेल्ड मारला आहे. पाणी निघण्याच्या फटीतून बारीक कॅमेरा आत घातला, तेव्हा उजव्या बाजूच्या मधल्या पडद्याचा पुढचा भाग जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. कारण स्पष्ट आहे: पुढच्या चाकामागे चिखल अडवणारा जो पत्रा असतो, त्याच्या कडेचे रबर झिजून गेले आहे, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ मिसळलेला चिखल वर्षानुवर्षे दाराच्या पुढच्या खांबाच्या पायथ्याशी साचत राहिला आहे. डावी बाजू तुलनेने बरी आहे, पण वर चढवलेला पत्रा तेथेही आहेच.

आता मुख्य अडचण. उजवे दार बंद केले असता त्याच्या मागच्या कडेची फट खाली सुमारे ६ मिलिमीटर आहे आणि वर जेमतेम ३ मिलिमीटर. डाव्या दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे. यावरून माझा तर्क असा की उजव्या बाजूला बॉडी मध्यभागी किंचित खचली असून दोन्ही खांबांची वरची टोके एकमेकांकडे झुकली आहेत. हा तर्क बरोबर असेल, तर आहे त्या स्थितीत नवा सिल वेल्ड करणे म्हणजे तो खचलेपणा कायमचा पक्का करणे होईल.

आधार देण्याबाबत मला मिळालेले सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत. काहींच्या मते गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना जशी तोललेली असते, तशीच ती ठेवून काम करावे. काही जण इंजिन, दारे, काचा सारे उतरवून मोकळी बॉडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायला सांगतात. बॉडी फिरवता येईल अशा फ्रेमवर चढवण्याचाही सल्ला मिळाला, पण माझ्या गॅरेजच्या रुंदीत ते शक्य नाही. विटनी येथील ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी जुन्या साच्यांवर एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी १९८८ पासून बनवते, याचीही मला कल्पना आहे. परंतु जमिनीचा पत्रा, मागचा भाग आणि बॉनेटखालची चौकट शाबूत असताना केवळ सिलसाठी सगळी बॉडी बदलणे मला पटत नाही.

संध्याकाळच्या वर्गात मी मिग वेल्डिंग शिकलो आहे आणि ०.६ मिलिमीटरच्या तारेने पातळ पत्र्यावर टाके मारण्याचा पुरेसा सराव केला आहे. तरी जाणकारांनी तीन गोष्टींबाबत मार्गदर्शन करावे, ही विनंती. दाराच्या फटीतला हा फरक खरोखर बॉडी खचल्याचाच आहे, हे कापण्यापूर्वी कसे ठरवावे? तसे असल्यास फट पूर्ववत कधी करावी, जुना सिल काढण्याच्या आधी की नंतर? आणि इंजिन गाडीतच ठेवावे की उतरवावे?

प्रतिसाद १

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही क्रमाने देतो. मी माझ्या क्रोम बंपरच्या रोडस्टरचे दोन्ही सिल घरीच बदलले आहेत.

सर्वात आधी बिजागऱ्या तपासा. दार अर्धे उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला आणि बिजागरीकडे पाहत राहा. दार खांबाच्या तुलनेत हलत असेल, तर बिजागरीची पिन झिजली आहे. मात्र झिजलेल्या बिजागरीने दाराचे मागचे टोक खाली उतरते. दाराची वरची कडही मग मागच्या मडगार्डच्या रेषेच्या खाली दिसते. आपल्या वर्णनात फट केवळ वर अरुंद झाली आहे. दाराची वरची रेषा मडगार्डशी जुळत असेल आणि बिजागरीत खेळ नसेल, तर आपला तर्क बरोबर समजावा. आणखी खात्रीसाठी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि डाव्या बाजूच्या मापांशी ताडून पाहा. मापे कागदावर नकोत, मास्किंग टेपवर लिहून त्या त्या जागी चिकटवा. काम सुरू झाल्यावर कागद सापडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर चढवलेल्या त्या पत्र्यात आहे. तो लावताना गाडी कशी उभी होती, हे कोणालाच ठाऊक नाही. जॅकवर तिरपी ठेवून तो वेल्ड केला असेल, तर चुकीचा आकार त्यानेच धरून ठेवला आहे, आणि तो असेपर्यंत आपण खालून कितीही जॅक लावला तरी फट पुरेशी उघडणार नाही. म्हणून आधी फक्त बाहेरचा पत्रा काढायचा, आतला सिल आणि कॅसल रेल यांना हात लावायचा नाही. मग फट पुन्हा मोजायची. बऱ्याचदा ती या टप्प्यावर थोडी आपोआप मोकळी होते. उरलेला फरक घालवण्यासाठी जमिनीखालच्या आडव्या पट्टीला लाकडाचा ठोकळा देऊन छोट्या जॅकने अगदी हळू वर दाब द्या आणि प्रत्येक वेळी दार लावून पाहा.

फट जुळली की मग चौकट बांधायची, आधी नाही. वाकडी चौकट आधी बांधली, तर ती वाकडेपणाच जपेल. पुढच्या खांबाच्या आतल्या अंगापासून मागच्या खांबापर्यंत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप घ्या आणि मध्ये टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारा जोड) ठेवा, म्हणजे नंतर केसभर फरक करायचा झाला तरी करता येतो. हा पाइप दाराच्या आतल्या बाजूने गेला पाहिजे. दार गाडीवरच राहायला हवे, कारण दारासारखे माप दुसरे नाही. शिवाय दोन्ही बाजूंच्या खांबांना जोडणारा एक आडवा पाइपही लावा.

घोड्या पुढच्या सस्पेंशनच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागच्या अॅक्सलखाली ठेवा, म्हणजे भार चाकांवर येतो तसाच राहतो. इंजिन मी उतरवले नव्हते. गाडी शेवटी ज्या वजनासह धावणार आहे, त्याच वजनात फट जुळलेली असावी, असे माझे मत आहे. एका वेळी एकच बाजू घ्या. उजवी पूर्ण झाल्याशिवाय डाव्या सिलला ग्राइंडर लावू नका.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण इंजिनाबाबत नाही. मी पुण्यात जुन्या गाड्यांचे पत्राकाम करतो. एमजीबी माझ्या हाताखालून गेलेली नाही, मात्र अँबॅसिडर पुष्कळ गेल्या आहेत. तीही चॅसिस नसलेली गाडी, आणि तिचे जुने १४८९ सीसीचे इंजिन तर आपल्या गाडीच्याच बी सिरीज कुळातले. आमचा अनुभव असा की नाकावरचे वजन उतरवले की बॉडी समजूतदारपणे वागते. पुढच्या खांबाचा पायथा आपल्या वर्णनाप्रमाणे कुजला असेल, तर इंजिनाचा भार घेतलेल्या स्थितीत तो कापणे मला धोक्याचे वाटते. खांब शाबूत असेल तर इंजिन राहू द्यावे. पायथ्याचाही पत्रा बदलावा लागणार असेल, तर उतरवावे. बाहेरचा सिल काढल्यानंतर टोकदार हातोडीने पायथा ठोकून पाहा, निर्णय तेथेच होईल.

वेल्डिंगबाबत एक सांगणे आहे. सिलच्या वरच्या ओठाला तिन्ही पत्रे एकत्र येतात. कारखान्यात तेथे स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्यांसारखे वेल्ड, होते. घरी वरच्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डने भरावी लागतात. ही भोके एका टोकाकडून ओळीने भरत जाऊ नका. एक पुढे, एक मागे, एक मध्ये, असे करत पत्रा हाताला कोमट लागेल इतकाच तापू द्या. घाईने लांब टाका मारला की पत्रा ओढला जातो, आणि मग जॅक आणि टर्नबकल लावून मिळवलेली फट हातची जाते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आपल्या सूचनेप्रमाणे बिजागऱ्या पाहिल्या. खेळ नाही, आणि दाराची वरची रेषा मडगार्डशी जुळते. चौकटीच्या कर्णांतही डाव्या-उजव्यात फरक आहे, त्यामुळे बॉडी खचली आहे असे धरून चालतो. बाहेरचा पत्रा काढून खांबाचा पायथा तपासेपर्यंत इंजिनाचा निर्णय राखून ठेवतो.

आणखी दोन शंका. बाहेरच्या सिलची टोके पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या खाली जातात. पुढचे मडगार्ड बोल्टवर असल्याने निघेल. मागचे वेल्ड केलेले आहे. तेथे नेमके किती कापावे? आणि काम पूर्ण झाल्यावर सिलच्या खालची कड सीलंटने बंद करावी का?

प्रतिसाद ३

मागच्या मडगार्डचा चाकापुढचा खालचा कोपरा तेवढा कापावा लागतो. त्याचा दुरुस्तीचा तुकडा तयार मिळतो, पण कापण्यापूर्वी तो हातात असू द्या आणि त्याच्याच कडेने रेघ मारा. सिलचा पत्रा दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण लांबीचा घ्या. दारापुरते छोटे सिल स्वस्त मिळतात, मात्र टोकांचा गंज त्यांच्याखाली तसाच राहतो; आपल्या गाडीवर पूर्वी जे झाले, ते पुन्हा होईल. शक्य असेल तर मूळ साच्यावरचेच पत्रे घ्या. नकली पत्र्यांना ठोकून-वाकवून बसवण्यात वेळ जातो आणि दाराखालची वळणाची रेषा तरीही नीट जुळत नाही.

खालची कड मुळीच बंद करू नका. तेथील फटी पाणी निघण्यासाठीच असतात. त्या बुजल्या तर आतून गंज धरायला काही हिवाळे पुरेसे आहेत. रंग वाळल्यावर लांब नळीने आत मेण फवारा. डिनिट्रोल किंवा वॅक्सॉइल यांपैकी काहीही चालेल, मात्र उबदार दिवशी, म्हणजे ते पातळ होऊन सांध्यांत शिरेल. आणि ज्या रबरापासून हे सारे सुरू झाले, ते चाकामागचे रबर नवे घातल्याशिवाय मडगार्ड परत बसवू नका.

सुरक्षिततेबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपल्या गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, गाडीच्या तळाच्या पत्र्याखाली आहेत. सिलच्या मागच्या टोकापासून त्या फार लांब नाहीत. दोन्ही बॅटऱ्या गाडीबाहेर काढा, केवळ वायर सोडून भागणार नाही. अल्टरनेटरची जोडणीही सोडा. पेट्रोलची टाकी उतरवून गॅरेजबाहेर ठेवा. टाकी उतरलेलीच आहे तर इंधनाचे जुने रबरी पाइपही बदलून घ्या, कारण २०२१ पासून येथील साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर ते सोसत नाही. गालिचे आणि त्यांच्याखालचा डांबरी थर वेल्डच्या जागेपासून चांगला दूरपर्यंत खरवडून काढा, कारण तो आतल्या आत धुमसत राहतो आणि वरून कळत नाही. शेवटचा टाका मारल्यावर निदान तासभर गॅरेज सोडू नका.

४० वर्षांहून जुन्या गाडीला एमओटीची (ब्रिटनमधील वार्षिक वाहन तपासणीची) सक्ती २०१८ पासून नाही, हे आपल्याला माहीत असेलच. तरीही हे काम झाल्यावर स्वखुशीने एमओटी करून घ्या. सीटबेल्ट आणि सस्पेंशन जेथे बॉडीला जोडलेले असतात, तेथपासून ३० सेंटिमीटरच्या आतले वेल्डिंग तपासनीस विशेष बारकाईने पाहतो, आणि आपले बरेचसे काम त्याच टप्प्यात येणार आहे. तपासणीच्या आधी तेथे काळा अंडरसील (तळाला लावायचा संरक्षक थर) फासू नका. टाके उघडे दिसू द्या. थर द्यायचा तो तपासणी झाल्यावर द्या.