मदत हवी आहे: पीसी चालता चालता धाडकन बंद पडतोय

मंडळी, घरचा डेस्कटॉप गेले आठ-दहा दिवस मधेच बंद पडतोय, निळा स्क्रीन नाही, एरर नाही, कोणीतरी प्लग उपटल्यासारखा. ब्राउझर, टायपिंग असलं काही असेल तर तासन्‌तास चालतो पण गेम लावला की १०-१५ मिनिटांत खेळ खल्लास. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (सिस्टीमच्या नोंदी दिसतात तिथे) दरवेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते, पण ते फक्त शटडाउन नीट झालं नाही एवढंच सांगतं, कारण नाही.

आधी वाटलं तापतोय, म्हणून कॅबिनेट उघडून धूळ काढली (बोळेच निघाले!), थर्मल पेस्ट बदलली, आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही ७० डिग्रीच्या वर जात नाहीत तरी तेच. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवली, एकही एरर नाही. एक्स्टेन्शन बोर्ड सोडून थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पण बघितलं.

आता माझा संशय एसएमपीएसवर (पीसीचा पॉवर सप्लाय) आहे, ४५० वॉटचा, सात वर्षं जुना, आणि ग्राफिक्स कार्ड मी नंतर टाकलंय. मल्टिमीटर आहे घरात, तर गेम चालू असताना १२ व्होल्टची लाइन मोजली आणि ११.४ च्या खाली गेली तर एसएमपीएस गेला समजायचं ना? की लाइन बरोबर दिसूनही लोडचा झटका आला की तो ट्रिप होऊ शकतो? मदरबोर्ड असेल तर मग अवघडच आहे. कुणाला असं झालं होतं का, शेवटी काय निघालं?