वजन घटले नाही, दमसास मात्र वाढला: हृदयाला फायदा किती?

टेकडीवाला:
माझे वय ४६ वर्षे, उंची १७० सेंमी आणि वजन ८० किलो आहे. गेल्या दिवाळीपासून मी रोज टेकडी चढतो आणि आठवड्यातून दोनदा व्यायामशाळेत वजने उचलतो. पोटाचा घेर १०१ सेंमीवरून ९६वर आला आणि तीन मजले चढल्यावर आता धाप लागत नाही; वजनकाटा मात्र तसूभरही हललेला नाही. हृदयाच्या दृष्टीने या मेहनतीचा उपयोग आहे का?

मंदगती:
निश्चित आहे. अमेरिकेत डॅलस येथील कूपर इन्स्टिट्यूटने सुमारे २५ हजार पुरुषांची ट्रेडमिल चाचणी घेऊन पुढे अनेक वर्षे त्यांची नोंद ठेवली. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सडपातळ, जाड आणि स्थूल या तिन्ही गटांत, चाचणीत लवकर थकणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. अर्थात, त्यात स्त्रिया नव्हत्या, हे विसरून चालणार नाही.

अनघड:
स्नायूंचाही विचार करावा. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा इन्सुलिनच्या मदतीने स्नायू उचलतात. ते कमी किंवा निष्क्रिय असतील तर इन्सुलिनची पातळी चढी राहते, यकृत जादा ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) तयार करते आणि रक्तवाहिन्यांना त्याची झळ पोहोचते. काटा याबाबत किती फसवा असतो, हे पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून दाखवले होते: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची अवघी ९.१ टक्के. आपल्या बाबतीत वजन तेवढेच राहून घेर ५ सेंमी उतरला, म्हणजे बहुधा चरबी घटून स्नायू वाढले असावेत.

साखरझोप:
वरील दोन्ही मुद्दे मान्य, तरी एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, असे माझे मत आहे. भारतीय पुरुषांसाठी घेराची मर्यादा ९० सेंमी आहे आणि आपला बीएमआय सुमारे २७.७, म्हणजे भारतीय निकषांनुसार स्थूलतेत मोडणारा. दमसास वाढल्याने धोका घटतो, पण जादा वजनामुळे रक्तदाबावर येणारा ताण पूर्णपणे नाहीसा होत नाही. रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीचे प्रमाण) तपासून घ्यावे. वजन घटवण्यासाठी नुसते उपास करू नयेत, कारण त्यात चरबीबरोबर कमावलेले स्नायूही झडतात. जेवणात डाळी, उसळी, दही किंवा अंडी पुरेशी असावीत. शिवाय वजन उचलताना श्वास रोखून धरू नये, कारण त्या क्षणी रक्तदाब एकदम उसळतो.