प्रति: मासिकांचा सुवर्णकाळ आणि संपादक

मराठी मासिकांचा सुवर्णकाळ मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीत घडला, असा वरच्या दोन-तीन प्रतिसादांचा सूर आहे. तिथून निघणाऱ्या 'सत्यकथा' या साहित्यिक मासिकापुरतं ते बरोबर आहे. तिचे संपादक श्री. पु. भागवत कथेवर लेखकाशी किती बारकाईने बोलत, हे अनेकांनी लिहून ठेवलंय. पण मासिकं घरोघरी नेली ती मुख्यतः दुसऱ्याच प्रकारच्या संपादकाने, आणि त्याचं नाव इथे अजून कुणी घेतलेलं नाही: शंकरराव किर्लोस्कर.

शंकरराव मूळचे चित्रकार. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं तेव्हा ते नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक होतं, तेही औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीहून. आसपास ना साहित्यिकांचा कट्टा, ना कॉलेज. त्यातून त्यांनी सर्वसाधारण वाचकांचं मासिक उभं केलं, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' काढलं. एकाच छापखान्यातून तीन वेगळे वाचक सांभाळायचे, म्हणजे कुठला लेख कुठे जाणार हे ठरवणं हेच मोठं संपादन. चित्रकाराची नजर असल्याने मुखपृष्ठ आणि मांडणी त्यांच्या लेखी मजकुराइतकीच महत्त्वाची होती. आपल्याकडे संपादनाची चर्चा शब्दांपाशीच थांबते, म्हणून हे राहून जातं. पुढे 'स्त्री'च्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं, म्हणजे हा धागा नांगराच्या कारखान्यापासून थेट स्त्रीवादी मासिकापर्यंत जातो.