मदत हवी आहे : गिलरे यांच्या श्रीरंगपट्टणावरील व्यंगचित्राची मूळ छपाई कशी ओळखावी?

इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी डिसेंबर १७९१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या, इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या टिपू सुलतानाच्या राजधानीतून, श्रीरंगपट्टणाहून झालेल्या माघारीची खिल्ली उडवणाऱ्या व्यंगचित्राची एक प्रत आमच्या घरी आहे. चित्रात कॉर्नवॉलिस गाढवावर बसून पळत आहे आणि तटावरून टिपू त्याची निर्लज्जपणे विटंबना करीत आहे. पाऊस, रोगराई आणि बैलांचा तुटवडा यांमुळे इंग्रज सैन्य खरोखरच हतबल झाले होते, आणि माघार सुरू असतानाच इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या मराठ्यांचे सरदार हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा रसद घेऊन त्यांना येऊन मिळाल्या. म्हणून हे चित्र मराठी इतिहासाच्या अभ्यासकांसाठीही मोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

गिलरे यांचे मूळ ताम्रपट (छपाईसाठी चित्र कोरलेले तांब्याचे पत्रे) पुढे हेन्री बोन या प्रकाशकाने मिळवले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांवरून पुन्हा छपाई केली. त्या प्रती बहुधा रंगवलेल्या नसत आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रे असत. आमच्या प्रतीची मागची बाजू कोरी आहे, रंग हाताने भरलेले दिसतात, आकाशाचा निळा रंग एका ठिकाणी रेषेबाहेर गेला आहे. मात्र कडा कापलेल्या असल्यामुळे ताम्रपटाचा दाब उमटलेला दिसत नाही.

केवळ कागदाच्या पोतावरून, जलचिन्हावरून (कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणाऱ्या खुणेवरून) किंवा रेषांच्या झिजेवरून छपाईचा काळ ठरवता येतो का? तसेच, रंग नंतर भरले असल्यास ते कशावरून ओळखावे? महाराष्ट्रात असे जुने कागद तपासणारे जाणकार कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.